बिनशिक्क्याचा अर्ज

पत्रात वेळ साडेअकराची दिली होती, तरी अब्दुल शेख सकाळी नऊलाच बायकोला घेऊन नगरच्या कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. बत्तीस वर्षांत या माणसाने एकही सरकारी तारीख चुकवली नव्हती. घोडेगावात त्याचं कासरे, म्होरक्या आणि घुंगुरमाळांचं दुकान. आठवड्याची खरी विक्री शुक्रवारी, जनावरांच्या बाजाराला व्हायची, आणि आज नेमका शुक्रवार होता. टेम्पोतून म्हशी उतरत असताना अब्दुल दुकानाला फळ्या लावतोय हे पाहून शेजारचा चहावाला विचारायला आला होता, घरात कुणी गेलं का म्हणून.

"न्हाई, समदे बरे हायेत," अब्दुल म्हणाला होता. "आमच्या घरच्यांचं कागदाचं काम झालं."

घरचे म्हणजे मुमताज. ती आत्ता त्याच्या शेजारी, सुनेने बळेच नेसवलेल्या नव्या हिरव्या साडीत, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत उभी होती. कचेरीत यायचं तर जुनं, विटकं नेसून यायचं, हा अब्दुलचा शिरस्ता. साहेबांच्या नजरेत भरेल असं काही अंगावर असू नये. मुमताजचं हसणं, बोलणं, चालणं, सगळंच त्याने या फाटकाच्या आत वर्षानुवर्षं लहान करून ठेवलं होतं.

ती जन्मली कराचीत. अब्दुलचे थोरले चुलते तरुणपणी मुंबईच्या गोदीतून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची ही मुलगी. एकविसाव्या वर्षी बापाबरोबर तीन महिन्यांच्या व्हिसावर घोडेगावला आली, चुलतभावाशी निकाह झाला, आणि बाप एकटाच परत गेला. तेव्हापासून मुमताज पाकिस्तानी पासपोर्टवर, मुदतीमागून मुदत वाढवून घेत, घोडेगावात नांदत होती. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर अर्ज. परतल्यावर हजेरी. दोन पोरं झाली, सून आली, नातवंडं झाली, जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, तरी मुमताजच्या कागदावरचं राष्ट्रीयत्व जिथल्या तिथे.

बारा वाजून गेल्यावर त्यांना आत बोलावलं. अधिकारी बाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी शपथेचा कागद पुढे केला.

"हिंदी वाचाल की मराठी?"

"मराठी चालंल," मुमताज म्हणाली. "हिंदी माझी कच्ची हाय आता."

बाईंनी मान वर करून पाहिलं आणि त्यांना हसू आलं. मुमताजची मराठी घोडेगावची होती. शेजारच्या मुक्ताबाईंबरोबर कांदे निवडताना, धुणं धुताना ती शिकली होती. अक्षरं ती पोरांच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकली. तिने शपथ वाचायला घेतली. 'गांभीर्यपूर्वक' या शब्दापाशी ती अडखळली, पुन्हा मागे गेली, पुन्हा अडखळली.

"होऊ द्या सावकाश," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी शब्द नीट उमटला. मग सह्या झाल्या, रजिस्टरवर अंगठाही घेतला, आणि बाईंनी उभं राहून भारतीय नागरिकत्वाचं प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं. अब्दुलने ते तिच्या हातातून लगेच स्वतःकडे घेतलं आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं.

मुमताज खुर्चीवरून उठली नाही. तिला एक विचारायचं होतं.

"आता पुढं कधी यायचं, मॅडम?"

"कशासाठी?"

"हजेरीला. मुदतीला."

"आता यायचं काही कारण नाही."

मुमताजला वाटलं बाईंना प्रश्न कळला नाही. "न्हाई म्हंजे, पुढची तारीख."

"तारीखच नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "झालं. आता घरी जा."

बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना मुमताजला रडू आलं नाही, आनंदानं उचंबळूनही आलं नाही. तिला एकदम कडकडून भूक लागली. या कचेरीच्या आवारात आजवर तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. फाटकाबाहेर त्यांचा मुलगा अमजद पिकअप घेऊन थांबला होता. त्याने विचारण्याआधीच ती म्हणाली, "अमजद, आधी कुठंतरी वडापाव घे. दोन घे मला."

---

घरी अल्मास आली होती. मुमताजची ही लेक वाळूजला दिली होती. नवरा तिथल्या कारखान्यात कामाला. घोडेगावापासून यष्टीने दीड-दोन तासांचं अंतर, पण वाटेत प्रवरासंगमला गोदावरी ओलांडली की जिल्हा संपायचा. दोन वर्षांनी लेकीला, झोयाला, घेऊन माहेरी आलेली अल्मास काल संध्याकाळी उतरल्यापासून स्वयंपाकघरात सुनेला मदत करत होती आणि आईशी कामापुरतं बोलत होती. मीठ कुठे, डबा कुठे.

हे असं सात वर्षं चाललं होतं. झोया जन्मली तेव्हापासून. ते बाळंतपण अल्मासला फार जड गेलं. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, अकरा दिवस ती तिकडच्याच शहरातल्या दवाखान्यात होती, आणि त्या अकरा दिवसांत तिची आई आली नाही. पहिलटकरणीची आई. सासरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि अल्मास भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. अर्ज नामंजूर झाला, असं अब्दुलने मुमताजला सांगितलं होतं. मुमताजने तेच फोनवर लेकीला सांगितलं. अल्मास तेव्हा एवढंच म्हणाली होती, "खरंच मागितली होतीस का परवानगी?" त्या प्रश्नाचं उत्तर मुमताजने शंभर वेळा दिलं असेल. लेकीने ते कधी खरं धरलं नाही.

पिकअप दारात थांबली तेव्हा मुक्ताबाई ताम्हन घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या. सत्तरीच्या मुक्ताबाई शेजारच्या. अब्दुलच्या घरात त्यांना न विचारता कढईसुद्धा चढत नसे.

"थांब, अशी आत शिरू नकोस," त्या म्हणाल्या. मुमताजच्या पदरात त्यांनी खण, नारळ आणि तांदूळ घातले. "बत्तीस वर्सांनी सासरची झालीस गं बाई. लई येळ लावलास."

सगळे हसले. अल्मासही हसली, पण पाठ फिरवून.

जेवणं झाली. बिर्याणी होती, मुक्ताबाईंनी आणलेली मेथीची भाजी होती, बाजरीच्या भाकरी होत्या. मुमताज इतकी जेवली की सून कौतुकाने बघत राहिली. मग अमजद उठला आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावरून रेक्झिनची काळी बॅग काढून घेऊन आला. घरातल्या प्रत्येकाला ती बॅग ठाऊक होती. बत्तीस वर्षांतला प्रत्येक अर्ज, प्रत्येक पोच, प्रत्येक पावती अब्दुलने तीत तारखेवार लावून ठेवली होती.

"अंगणात बंब पेटलेलाच हाय," अमजद म्हणाला. "घालून टाकू ही ब्याद त्यात."

"ठेव ती," अब्दुल म्हणाला. "लागंल कधी."

"आता कशाला लागंल, अब्बा? सर्टिफिकेट आलं ना?"

"आलं म्हनून जुनं जाळायचं? ठेव म्हनतो ना."

"गेल्या उन्हाळ्यात ही बॅग मांडीवर घेऊन तुमी सहा दिवस दारात बसला हुता," अमजद म्हणाला. आवाज चढला नाही, पण हात बॅगेच्या चेनवर घट्ट होता. "ते मला परत बघायचं न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात सीमेवरचं वातावरण तापलं आणि पाकिस्तानी पासपोर्टवाल्यांनी देश सोडावा असा हुकूम निघाला, तेव्हा मुमताजसारख्या इथं लग्न होऊन राहिलेल्या बायका त्यात धरल्या आहेत की नाहीत, हे कळायला काही दिवस गेले. ते दिवस अब्दुलने उंबऱ्यात काढले. मुमताजने आत एक पिशवी भरून ठेवली होती. दोन साड्या, औषधं आणि पोरांचे फोटो. पुढे खुलासा आला, पिशवी रिकामी झाली, पण अब्दुलच्या अंगावरचं मांस जे उतरलं ते पुन्हा भरलं नाही.

"आन् अम्मी," अमजद आईकडे वळला, "कराचीचा तो नंबरबी काढून टाक आता. झालं तेवढं बस झालं. माझी पोरगी साळंत जायला लागली. उद्या कुनी काय बोललं तिला तर?"

"नर्गिस माझी बहीन हाय."

"हाय की. पन ती तिकडं हाय."

"मी तिकडं फोन करत न्हाई. नर्गिसला करते."

"रोज करतेस," अल्मास मध्येच म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "भाईजानचं काही चुकत नाही. तिकडच्या बहिणीची सकाळ-संध्याकाळ खबर घेतेस. इकडे लेक दीड तासावर होती."

मुमताजला आज वाद नको होता. तिची आई कराचीत वारली तेव्हा तिचं दफन तिने याच मोबाईलच्या काचेत पाहिलं होतं, नर्गिसने धरलेल्या फोनमधून. ते सांगून अमजदला पटणार नव्हतं आणि अल्मासला तर नव्हतंच. तिने अमजदकडे हात पुढे केला.

"आन ती बॅग. जाळायचीच तर एकदा बघू दे मला."

"कशाला बघतीस?" अब्दुल म्हणाला. "मी लावून ठेवतो ना नीट."

"तुमी बसा."

तिने चटईवर बॅग उपडी केली. कागदांचा ढीग पडला. काहींच्या घड्या पिवळ्या पडलेल्या, काहींना गंजलेल्या टाचण्या. मुक्ताबाई गुडघे धरत चटईवर टेकल्या आणि एकेक कागद उचलून मुमताजकडे देऊ लागल्या, कारण त्यांना वाचता येत नव्हतं.

"ह्यो कशाचा?"

"जालन्याला दिराच्या लग्नाला गेलतो. तीन दिवसांची परवानगी हुती, वऱ्हाड चौथ्या दिवशी निघालं. मी आधीच एकटी परत आले."

"आन् ह्यो?"

"ह्यो पुन्याचा. डोळं दाखवायला."

"डोळं दाखवायलाबी अर्ज व्हय?" मुक्ताबाईंनी कपाळाला हात लावला.

"ह्यो खुलताबादचा, उरसाला. ह्यात तर डास चिरडलाय बघा."

हसता हसता मुमताजच्या डोळ्यांत पाणी आलं. खरा अर्ज कचेरीत राहायचा, हाती यायची ती झेरॉक्स, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का होता, 'आवक', आणि खाली तारीख. काही शिक्के फिके, काही इतके गडद की शाई मागच्या पानावर उतरलेली. अल्मासला दाराशी उभं राहवेना. तीही येऊन बसली आणि गुपचूप कागद चाळू लागली. तिला कुठल्या वर्षाचा कागद हवा होता ते मुमताजला कळलं. नामंजूर शेरा मारलेला तो कागद एकदाचा लेकीच्या हाती लागावा, असं तिला मनापासून वाटत होतं. तेवढ्याने तरी सात वर्षांचं मिटेल.

अल्मासचा हात थांबला. तिने एक कागद दोन्ही हातांनी उचलला.

"अम्मी, हा तुझ्या हातचा आहे."

"बघू. व्हय. माझंच अक्षर."

अल्मासने मोठ्याने वाचलं. "'माझी मुलगी अल्मास हिचे पहिले बाळंतपण असून तिची तब्येत फार बिघडली आहे. तरी मला आठ दिवस जाण्यास परवानगी मिळावी ही नम्र विनंती.'" खाली मुमताजची सही होती, निळ्या शाईची, अक्षरं एकावर एक चढलेली. अल्मासने कागद उलटा केला, सुलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. "ही झेरॉक्स नाही. खरा कागद आहे. याच्यावर शिक्का कुठाय?"

मुमताजने अब्दुलकडे पाहिलं. तो कॉटवर बसला होता, पाण्याचा तांब्या हातात, आणि तांब्या तोंडाला न लावता तसाच खाली ठेवत होता.

"अब्बा," अल्मास म्हणाली, "हा अर्ज दिलाच नव्हता?"

बोलला अमजद. "मी गाडीवर नेलं हुतं अब्बांना त्या दिवशी," तो हळू म्हणाला. "फाटकापर्यंत."

"आणि?"

"आन् परत आनलं."

मुक्ताबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. सून दारातून मागे सरकली.

"त्या आठवड्यात काय चाललं हुतं ठाऊक हाय ना," अब्दुल अखेर म्हणाला. तो अल्मासशी बोलत होता, पण बघत होता चटईकडे. "टीव्हीवर दिवसभर विमानं दाखवत हुते. कचेरीफुडं मोर्चा. माझा हात खिशात, ह्यो कागद हातात. मला वाटलं, आज हा कागद आत गेला की आतल्या मानसाला आठवल, अरे, ही बाई अजून हितंच हाय. कुनाला आठवूच नये असं वाटत हुतं मला. इसरून जावं त्यांनी." त्याने खिशातून रुमाल काढला आणि तसाच मुठीत धरला. "अर्धा तास उभा हुतो. मग अमजदला म्हनलो, वळव गाडी."

"मी मरत होते तिकडे," अल्मास म्हणाली.

"व्हय."

"मी अम्मीला... सात वर्षं मी तिला..."

मुमताज उठली आणि मागच्या दाराने अंगणात गेली.

---

बंब धुमसत होता. तिने नळ सोडला आणि धुवायची काही गरज नव्हती तरी हात धूत राहिली. मागे पावलं वाजली. बत्तीस वर्षांच्या सवयीने ती पावलं तिला न बघता ओळखू यायची.

"मला का न्हाई सांगितलं?" तिने नळ बंद न करताच विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," अब्दुल म्हणाला. "यष्टीत बसून. बिनपरवानगी."

मुमताजने विचार केला. खरं होतं. लेकीला रक्त चढतंय हे कळल्यावर ती उभ्या उभ्या निघाली असती. पुलापलीकडे कुणी नाव विचारलं असतं, एक प्रश्न, दुसरा प्रश्न, आणि मग तिला कराचीला पाठवून दिलं असतं, नाही असं नाही. तिचा नवरा बाजारात माणसांशी रेटून बोलणारा, कासऱ्याचा पीळ बघून दोराचं वय सांगणारा. पण या एका गोष्टीत तो सशासारखा होता. आणि त्या भित्रेपणातच त्याने तिला बत्तीस वर्षं टिकवून ठेवलं होतं. त्याने न दिलेला तो एक अर्ज आणि वेळेवर दिलेले ते दीडशे अर्ज एकाच भीतीतून आले होते. तिला हे सगळं दिसत होतं, तरी तिने हात धुणं थांबवलं नाही.

"तुमी भ्यालात त्याचा मला राग न्हाई," ती म्हणाली. "मीबी भ्याले असते. पन पोरगी सात वर्सं माझ्यावर रुसली. ती आली की मी तिच्या तोंडाकडं बघत बसायची, कधी एक शब्द नीट बोलंल म्हनून. तुमी समोर बसून भाकरी खात हुता. एकदा तरी म्हनायचं, तुझ्या आईनं लिहून दिलं हुतं, मी दिलं न्हाई."

"म्हनलो असतो तर तू माझ्याशी बोलली नसतीस."

"मग मी बोलायची न्हाई ते परवडलं नसतं, आन् ती बोलत न्हाई ते परवडलं?"

अब्दुल म्हणाला, "चुकलं माझं."

हे शब्द त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकले. निकाहच्या वेळी 'कबूल' म्हणताना त्याचा आवाज जसा अर्धामुर्धा निघाला होता तसाच आत्ताही निघाला. तिने नळ बंद केला.

दारात अल्मास आली होती. डोळे लाल, पण पदर कमरेला खोचलेला, जणू काही कामालाच निघाली होती. बापाकडे तिने पाहिलं नाही. तिच्या हातात तो बिनशिक्क्याचा कागद होता, चार घड्या घातलेला. तिने तो ब्लाऊजच्या आत सरकवला.

"अम्मी, चल."

"कुठं?"

"माझ्या घरी. साडेतीनची गाडी आहे. झोयाचं आवरलंय मी."

मुमताजने हात पदराला पुसले. बोलला तो अब्दुल, आणि सवयीने बोलला.

"आज कसं जमंल? आधी अर्ज..."

तो तिथेच थांबला. मग आतून मुक्ताबाईंचं हसू ऐकू आलं, खोकल्यासारखं, दाबून दाबून सुटलेलं. अमजदला आवरेना. शेवटी मुमताजही हसली, आणि हसता हसता बंबाच्या कडेला हात भाजेल म्हणून अब्दुलनेच तिला ओढून बाजूला घेतलं.

"मी सोडतो गाडीनं," अमजद म्हणाला.

"न्हाई," मुमताज म्हणाली. "यष्टीनं जायचं मला. आन् तो नंबर मी काढनार न्हाई. तुला भ्या वाटतं ते खरं हाय, तुझ्या पोरीसाठी वाटतं तेबी खरं. पन ह्या घरात भ्यायचं काम तुझ्या अब्बांनी करून ठेवलंय, तुझ्या वाट्याचंबी. तू नको करूस."

अमजद आत गेला. मग त्याने चटईवरचे कागद गोळा केले आणि बॅगेत भरून बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. जाळायचं नाव त्यानेच पुन्हा काढलं नाही.

निघताना मुमताज नवऱ्याला म्हणाली, "पीठ मोठ्या डब्यात हाय. सुनंला दोन वेळंला चहा मागू नका. गोळ्या सकाळच्या पांढऱ्या, रातच्या पिवळ्या."

"कधी येशील?"

"बघू."

अब्दुल स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आला. अल्मासने ती पिशवी त्याच्या हातातून घेतली. बोलली नाही, पण गाडीत चढताना तिने मागे वळून बघितलं, आणि तेवढ्यावर अब्दुल गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

---

वडाळा गेलं, नेवासा फाटा गेला. कंडक्टरने कुठे जायचं एवढंच विचारलं, आणखी काही विचारलं नाही. मुमताज खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे, मध्येच कांद्याचे हिरवे वाफे, मध्येच नुकतीच तोडणी होऊन मोकळं झालेलं रान. तिने मनाशी ठरवलं होतं, पुलावर गाडी आली की नीट बघायचं. आजवर पाच-सहा वेळा ती हा पूल ओलांडून गेली होती, पण पर्समध्ये परवानगीचा कागद आणि मांडीवर मुठी आवळलेल्या. नदी कशी दिसते ते तिला माहीत नव्हतं.

झोया अल्मासच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. अल्मासने आईच्या खांद्याला खांदा लावला होता, आणि ते असं बसणं दोघींनाही नवं होतं.

"मी काय काय बोलले तुला," अल्मास म्हणाली.

"बोललीस. माझी लेक हायस, दुसऱ्याची असतीस तर मी ऐकून घेतलं नसतं."

"मला वाटायचं तुला तिकडची माणसं जास्त जवळची."

मुमताजने झोयाच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मी आले तेव्हा नर्गिस बारा वर्सांची हुती," ती म्हणाली. "तिची वेणी मी घालायचे. आता तिला नातू हाय. तिची वेणी कोन घालतं हे मला कधी कळलं न्हाई. म्हनून मी रोज विचारते, आज काय केलंस. तुला मी विचारलं की तू फोन ठेवायचीस."

अल्मासने आईच्या पर्समधून मोबाईल काढला, नंबर शोधला आणि लावला. पलीकडे नर्गिसचा चेहरा आला, स्वयंपाकघरात, कानाला पीठ लागलेलं. प्रमाणपत्र मिळालं हे तिला सकाळीच कळलं होतं. तेव्हापासून ती रडत आणि हसत होती. आता तू परकी झालीस, असं ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दमाला, पासपोर्ट काढ लवकर, उमऱ्याला ये, मीही येते, मक्केत भेटू, तिथे आपल्याला कोण अडवतंय. अल्मासने फोन स्वतःकडे वळवला आणि खालाला सलाम केला. नर्गिसने भाचीला इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. नाक अगदी आईचं, म्हणजे त्या दोघींच्या आईचं, असं ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. झोया जागी झाली, तिलाही दाखवलं. कढईतलं करपलं म्हणून नर्गिस पळाली, परत आली, आणि मग दोघी बहिणी लहानपणच्या गल्लीतल्या कुणा कुल्फीवाल्यावरून भांडल्या, तो लंगडा होता की नव्हता यावरून.

फोन ठेवला तेव्हा उन्हं कलली होती. मुमताजने खिडकीतून बाहेर पाहिलं. कापसाचं रान होतं, एक पेट्रोल पंप होता.

"पूल यायचाय ना अजून?"

"अम्मी," अल्मास म्हणाली, "पूल कधीच गेला मागे. गंगापूर फाट्याच्या जवळ आलो आपण."

मुमताजने मान वळवून मागे पाहिलं. मागे फक्त रस्ता होता आणि एक उसाची ट्रॉली. तिला वाटलं, चुकलं, बघायचं राहिलं. मग तिचं तिलाच बरं वाटलं. तिने झोयाचं डोकं मांडीवर घेतलं.

वाळूजला अल्मासच्या घराचं दार तिच्या सासूने उघडलं. विहीणबाई जाड चष्म्यातून आधी सुनेकडे, मग मुमताजकडे बघत राहिल्या. आठ वर्षांत या विहिणी तीनदा भेटल्या होत्या, तिन्ही वेळा एकीच्या मनात घड्याळ टिकटिकत असताना.

"या, या, आत या," त्या म्हणाल्या. "किती दिवसांची परवानगी घेतलीय या वेळी?"

मुमताजने चपला काढल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

"अजून ठरवलं न्हाई," ती म्हणाली.

विहीणबाईंनी अल्मासकडे पाहिलं. अल्मासने मान हलवली. तेव्हा त्यांना उमगलं, आणि त्यांनी मुमताजच्या हातातली पिशवी घेतली.

"मग माडीवरचा पलंग खाली आणायला सांगते पोराला," त्या म्हणाल्या. "आठ दिवस चटईवर झोपवता येतं माणसाला. जास्त राहायचं तर पलंग पाहिजे."